काठावरून काढलेला फोटो

अराबा,

पुन्हा तेच! "दादा, सहलीत खूप मजा केली," असं लिहितेस आणि विंडरमिअर तलावाचा फोटो पाठवतेस. बोटीत कॉलेजच्या पाचही मैत्रिणी, तू नाहीसच. पाचवीत शाळा सुटली माझी, तरी फोटो काठावरून काढलाय एवढं कळतं.

इथे मासळीच्या कारखान्यात सगळ्यांना दाखवला. डंकन म्हणाला, "यात तुझी बहीण कुठली रे?"

"जिने फोटो काढला ती! वकील होणारे," मी छाती फुगवून म्हटलं.

"मग बोटीत का नाही बसली?"

मी फोटो खिशात घातला.

माझे पैसे वाचवायला काठावर थांबू नकोस, पोरी. हे पत्र टाकत नाही, तू शुद्धलेखन तपासत बसशील. पैशांसोबत "बोटीत बस" एवढंच लिहितोय.

तुझ्यामुळे मिरवणारा,
क्वेकूदादा

ता. क. बोटीसाठी तीस पौंड जास्तीचे पाठवतोय.