पेज प्यालेला ट्रॅक्टर

कोंढा, गुरुवार दुपार

आदरणीय भाऊजी कृष्णराव, शहापूर मुक्कामी धाकट्या साळ्याचा, म्हणजे लिलाधरचा, वाकून नमस्कार पोचावा. तुमचा गुडघा कसा आहे, ताई बीपीची गोळी वेळेवर घेते का, म्हैस व्याली का, हे सारं फोनवरच विचारणार होतो. पण रविवारी माझ्या तोंडून ‘ट्रॅक्टरचं हेड’ एवढेच दोन शब्द निघाले आणि तुम्ही, मंग निर्मला बी रोवण्याले येणार नाही, असं म्हणून फोन ठेवला तो आजपर्यंत उचलला नाही. (निर्मलाताईचा फोन बी बंद येते. तो तुमच्याच खिशात असेल.) म्हणून कागद घेऊन बसलो. इकडे आम्ही सारे खुशाल आहोत, तुमचा ट्रॅक्टर सोडून.

झालं ते लपवत नाही. वाफ्यातले धानाचे पऱ्हे पंचवीस दिवसांचे झाले, रोवण्यासाठी सखाबाईच्या बायांची टोळी शनिवारची ठरली, आणि तिचा वार हुकला की ती दुसऱ्याच्या शेताच्या बांधीत उतरते, मंग आठ दिवस तोंड दिसत नाही. म्हणून रविवारी मी तुमच्या ट्रॅक्टरनं घाईघाईनं मोठ्या बांधीची चिखलणी करून राहिलो होतो. तेवढ्यात रेडिएटर गळायले लागला. आता हळद टाकली की बारीक गळती बंद होते, हे तुमच्यासारख्या जाणत्या माणसाले काय सांगावं! पण घरात हळद चिमूटभरच होती. (आमची कारभारीण चंदा म्हणते डबाभर होती, पण इंजनासाठी ती देणार नव्हती.) मी विचार केला, पेजेनं लुगड्याले खळ बसते, तर भोकाले काहून नाही बसणार? न्याहारीची गंजभर घट्ट पेज रेडिएटरात ओतली. आणि भाऊजी, गळती थांबली ना! मले इतका आनंद झाला का तुम्हाले फोन करून सांगणार होतो.

अर्ध्या तासानं बांधीत भात शिजल्याचा वास सुटला. काटा पाहतो तर लाल घरात जाऊन बसलेला. माझी अक्कल तिथंच चिखलात पडली असावी, कारण मी बांधीतलंच थंड पाणी दोन बादल्या भरून तापलेल्या इंजनावर फेकलं. टण्ण आवाज आला. तो आवाज अजून माझ्या कानातून गेला नाही. त्यानंतर पांढरा धूर, आणि तेलाची काडी ओढून पाहिली तर तेल दुधाच्या चहासारखं, म्हणजे पाणी तेलात गेलेलं. चंदा बांधावरून एवढंच बोलली का साऱ्या घराले पेज पाजून झाली होती, इंजनच तेवढं राहिलं होतं.

सोमवारी पवनीचे गोलू मिस्त्री आले. (नाव गोलू, पण वय साठ, आणि हसताना कोणी पाहिले नाहीत.) त्याईनं एकेक बोल्ट ढिला करून इंजनाच्या माथ्यावरचं हेड काढलं आणि छपरीत खाटेवर पोतं अंथरून ठेवलं. मंग काय, गाव पाहायले आलं. शेजारच्या रंभाबाई तर पदर तोंडाले लावून हळूच विचारत्या झाल्या, वाचेल ना? मंगळवारी ते हेड मांडीवर घेऊन मी छोट्या हत्तीत बसून पवनीले गेलो. मिस्त्रीनं ते डिझेलनं धुतलं, वर सरळ लोखंडी पट्टी उभी ठेवली आणि मागून मोबाइलचा उजेड मारला. पट्टीखालून उजेड आला. म्हणजे हेड वाकलं. मंग पाण्याच्या वाटा बंद करून, हवा भरून, हेड पाण्याच्या टाकीत बुडवलं आणि आम्ही दोघं बुडबुडे पाहत बसलो. दुसऱ्या सिलिंडरच्या दोन वॉल्व्हच्या मधातून बारीक बुडबुड्यांची रांग निघाली. मिस्त्रीनं टोपी काढली. माझ्या डोळ्यात पाणी आलं, खोटं नाही सांगत.

पण माणूस हातचा पक्का. कोळशाच्या भट्टीत हेड सावकाश तापवलं, चीर खोदून वेल्डिंग भरलं, आणि लगेच धानाच्या तुसाच्या राखेत पुरून ठेवलं. बिडाच्या लोखंडाले घाईनं थंड केलं तर ते पुन्हा फाटते म्हणे. (हे मले दोन बादल्यांच्या आधी कोणी सांगितलं असतं तर!) काल राखेतून काढून मशीनवर सपाट घासलं, पुन्हा टाकीत बुडवलं, एक बुडबुडा नाही. रेडिएटर सोडून त्यातला भात बी काढला. आज सकाळी नवीन गास्केट घालून हेड बसवलं, आणि पहिल्याच सेल्फले ट्रॅक्टर सुरू झाला. सारी चूक माझी आहे. तुम्ही मले मारा, पण बोला.

तुमचाच,
लिलाधर

ता. क. खरं मागणं राहूनच गेलं. आई गेल्यापासून आपल्या घरी पहिला पऱ्हा ताईच्याच हातानं लागते. चंदा बी तो लावायले तयार नाही. शनिवारी ताईले पाठवा. ट्रॅक्टरचा राग तिच्यावर काढू नका.

आणखी एक. लिहिणार नव्हतो. टाकीत बुडबुडे दोन जागांतून निघाले. दुसरी चीर बाजूले होती, जुनी, तिच्यात एम-सील दाबून वरून रंग मारलेला. त्या एम-सीलवर अंगठ्याचा ठसा आहे, मोठ्या माणसाचा. मिस्त्रीनं ती बी बुजवली. मी ताईले काही सांगणार नाही.

आखरीचं. भाऊजी, घात झाला. एवढं लिहून पाणी प्यायले उठलो, तर ताई पिशवी घेऊन एसटीनं येऊन उभी, आणि परत येतो तर पत्र तिच्या हातात. तिले एम-सीलचं पहिलेच माहीत होतं, तुम्ही ते दाबताना टॉर्च तिनंच धरला होता म्हणते. तुम्ही रागानं नाही, तर मिस्त्रीले ते सापडेल या लाजेनं फोन उचलून नाही राहिले, आणि रविवारपासून धड जेवले बी नाही, असं तिनं सांगितलं. मी ट्रॅक्टर मागितला तवा तुम्हाले नाही म्हणवलं नाही, एवढाच तुमचा गुन्हा ना? अजी, मले तर रडूच आलं. हे पत्र घेऊन आलेला आमच्या गावचा प्रविण तुमच्या दारातच थांबून आहे. त्याले चहा द्या, घराले कुलूप लावा आणि त्याच्याच गाडीवर मागं बसून या.