माझ्या खोलीतले दोन खेळाडू

आई,

तुला माणसं सांभाळायची फार हौस होती. ती हौस भागवायला दर वेळी माझीच खोली का लागायची, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. अकरावीची परीक्षा संपली होती, मे महिना होता, मी मैत्रिणीकडून घरी आले तर माझ्या पलंगावर चाकांचे बूट उलटे पडलेले. माझी पुस्तकं तू स्वयंपाकघरातल्या फडताळात, डाळींच्या डब्यांशेजारी लावून टाकली होतीस. आणि ओट्याजवळ खाली बसून दोन आडदांड माणसं बशीतून चहा पीत होती. "हे आता आपल्याकडे राहणार. तू माझ्याजवळ झोप," असं तू मला पोळी लाटता लाटता सांगितलंस. विचारलं नाहीस, सांगितलंस. माझं बारावीचं वर्ष, बाबा जाऊन तीन वर्षं झालेली, घरात आपण दोघीच. पण तू काही ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नव्हतीस, कारण तुझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं तुला "बाई, तुमच्याशिवाय कोण आहे?" असं म्हटलं होतं. हे वाक्य कुणीही म्हणावं आणि आपलं घर घेऊन जावं.

हा विद्यार्थी म्हणजे गंगापूर रोडला इमारती बांधणारा तो बिल्डर. पाचवीत तू त्याला शुद्धलेखनासाठी बाकावर उभं केलं होतंस, हे तो अभिमानानं सांगायचा. तो मेहुण्याकडे परदेशात महिनाभर राहून आला, कुठल्याशा बर्फाळ लहानशा गावात. तिथे त्यानं बर्फावरची हॉकी पाहिली, आणि तीही मोठ्या शहरांतली, टीव्हीवरची नाही. गावाची आपली खालच्या दर्जाची टीम, खेळाडू पगारी पण पगार जेमतेम, दिवसा कुणी ट्रक चालवतो, कुणी दुकानात उभा राहतो, आणि बाहेरगावची पोरं गावातल्याच लोकांच्या घरी जेवायला-राहायला. या शेवटच्या गोष्टीनं तो पार भारावून गेला होता. "बाई, तिथली म्हातारी माणसं आपल्या घरच्या पोराचा सामना असल्यासारखी येतात हो बघायला!" नाशकात बर्फ कुठून आणणार? म्हणून सिमेंटच्या रिंकवर, चाकांच्या बुटांवर खेळायची हॉकी. आणखी तीन शहरांत असेच तीन हौशी पैसेवाले त्याला भेटले, चार टीम झाल्या. पेपरात फोटो आला. बारा खेळाडू नेमले, त्यातले दहा इथलेच, आणि उरलेले दोघे आमच्या गळ्यात. चूक झाली, तुझ्या पदरात. गळ्यात माझ्या.

एक मनमाडचा. त्याचे वडील रेल्वेत, आणि हा लहानपणापासून मैदानावरच्या हॉकीचा गोलकीपर. रेल्वेत खेळाडू म्हणून नोकरी लागेपर्यंत चार पैसे मिळतील म्हणून इथे आला होता. दुसरा लडाखचा. देवळालीला लष्करात असताना नाशिक आवडलं म्हणून नोकरी सुटल्यावर इथेच थांबलेला, टीमचा कप्तान. त्याला नाशिक आवडलं होतं ते हिवाळ्यातलं. मे महिन्यात तो ओल्या टॉवेलखाली डोकं घालून बसायचा आणि म्हणायचा, "काकी, ये शहर नहीं, तवा है." तू त्याला दिवसातून चारदा ताक द्यायचीस. तो तुला त्याच्या गावचं सांगायचा, की हिवाळ्यात संध्याकाळी शेतात पाणी सोडून द्यायचं, सकाळी उठून त्यावर खेळायचं. "मैदान बनाना नहीं पडता काकी, पानी छोडो बस." त्यावर तू म्हणालीस, "आमच्याकडे पानी छोडो म्हणून कॉर्पोरेशनच्या पाया पडावं लागतं रे बाबा." तुम्ही दोघं इतके हसलात की पोळी करपली. ती करपलेली पोळी मला वाढलीस.

आणि तो वास! गोलकीपरचे ते पॅड, हातमोजे, छातीवरचं ते चिलखत, सगळं रोज गच्चीवर वाळत घातलेलं. शेजारच्या काकू नाकाला पदर लावून विचारायच्या, "अहो बाई, काही मेलंय का वर?" मी खाली रसायनशास्त्र पाठ करतेय, आणि वर तो मनमाडचा भिंतीवर चेंडू मारून अडवतोय, धप्प, धप्प, धप्प. मी तक्रार केली की तू म्हणायचीस, "त्याचाही अभ्यासच आहे तो." तुझ्याकडे प्रत्येकाच्या बाजूनं बोलायला एक वाक्य तयार असायचं. माझ्या बाजूचं वाक्य बहुतेक तू शाळेत विसरून यायचीस.

दिवाळीनंतर सामने सुरू झाले. पहिल्या सामन्याला बँड होता, नगरसेवक होते, लोक फुकट पास घेऊन आले आणि मध्येच उठून भेळ खायला गेले. तू पहिल्या रांगेत छत्री घेऊन. तुला नियमातलं काही कळत नव्हतं, पण आपल्या गोलकीपरला कुणी धडकलं की तू वर्गात ओरडायचीस तशी ओरडायचीस, "ए! कान धरून बाहेर काढीन!" आणि समोरच्या टीमचा तो दाढीवाला खेळाडू खरंच दचकून मागे व्हायचा. संक्रांतीपर्यंत खुर्च्या रिकाम्या पडायला लागल्या. एका टीमचे कपडे तीनदा बदलले, कारण जाहिरात देणारा दर वेळी नवा. उन्हाळा लागेपर्यंत सगळ्यांना कळून चुकलं होतं की हे काही दुसऱ्या वर्षी चालत नाही. फक्त तुला कळलं नव्हतं. तू पुढच्या वर्षासाठी दोन नव्या गाद्या भरून घेतल्यास.

मग जुलै. बारावीचा निकाल चांगला लागला होता, पुण्याला इंजिनिअरिंगला माझा नंबर लागला होता. त्या दिवशी संध्याकाळी खिडकी बंद व्हायच्या आत कागद जमा केले नाहीत तर जागा जाणार होती. तू आदल्या रात्री दशम्या केल्यास, चटणी भरून दिलीस, आपण दोघी सकाळच्या पहिल्या गाडीनं निघणार होतो. आणि त्याच आठवड्यात बिल्डरनं टीम विकायला काढलेली. सुरतच्या कुणा व्यापाऱ्याला, खेळाडूंसकट. दोघांचा करार दोन वर्षांचा होता, बिल्डरनं लेखी मोकळं केल्याशिवाय दुसरीकडे कुठेही खेळायचं नाही. मनमाडच्याची दुसऱ्या दिवशी भुसावळला रेल्वेची चाचणी होती. लडाखच्याला घरी परतायचं होतं, तिकडच्या बर्फावर, तिकडच्या टीममध्ये. बिल्डर चार दिवस सापडत नव्हता, आणि त्या दिवशी दुपारी तो सुरतला निघणार होता. "वाटेतच आहे त्याचं ऑफिस. जरा डोकावून पुढे जाऊ," तू म्हणालीस. मी माझी बॅग घेऊन तुझ्या मागे. पहिली गाडी तिथेच सुटली.

ते ऑफिस मला अजून जसंच्या तसं दिसतं. काचेचं टेबल, इमारतीचं थर्माकोलचं मॉडेल, त्यात हिरव्या स्पंजची झाडं. दोघे दाराशी उभे, आणि तू सरळ खुर्चीत.

"बसा बाई. चहा सांगू?"

"चहा नको. या दोघांना मोकळं कर."

"बाई, तुम्हाला धंद्यातलं नाही कळायचं. सुरतवाल्यांनी टीम घेतलीय म्हणजे सगळी घेतलीय. स्टिकांसकट, गोलपोस्टांसकट. कप्तान आणि गोलकीपरच नसेल तर ते काय घेणार?"

"स्टिका दे. गोलपोस्ट दे. पोरं म्हणजे लासलगावचा कांदा आहे का, बोली लागली की ट्रकमध्ये भरायला?"

"तिकडे असंच चालतं बाई. तिकडे तर अख्खी टीम एक गाव सोडून दुसऱ्या गावाला जाते. कुणी काही म्हणत नाही."

"तिकडे पोरं लोकांच्या घरी राहतात, हेही तूच सांगितलंस ना मला? मग ज्या घरानं वर्षभर जेवू घातलं, त्या घरानं विचारायचं नाही होय?"

तो हसला. घड्याळाकडे बघितलं. "संध्याकाळी बघू," म्हणाला, दुपारी सुरतला निघणारा माणूस. त्यावर तू काय करावंस? पिशवीतून मेथीची जुडी काढलीस. वाटेत घेतलेली. आणि त्याच्या त्या काचेच्या टेबलावर पेपर पसरून मेथी निवडायला लागलीस. मातीसकट. मी मेले होते आई. मी खरंच जमिनीत गेले होते. तेवढ्यात फ्लॅट बघायला एक नवरा-बायको आले. बिल्डर उठून उभा राहिला, "या, या," आणि त्या बाई थर्माकोलच्या इमारतीकडे न बघता तुला म्हणाल्या, "छान कोवळी आहे हो. कुठे मिळाली?" तू त्यांना कुठे मिळाली ते सांगितलंस, केवढ्याला ते सांगितलंस, आणि मग त्याच सुरात विचारलंस, "तुम्ही इथे घर घेताय का? हा माझा विद्यार्थी. शब्दाचा पक्का आहे की नाही, ते आत्ता पाच मिनिटांत कळेल. बसा."

त्यानं सही केली. दोन्ही कागदांवर. पण शिक्का होता त्याच्या नाशिक रोडच्या ऑफिसात, आणि तू दाराबाहेर येऊन मला म्हणालीस, "मी सोबत गेले नाही तर तिथला माणूस यांना उद्या या म्हणेल. तू जा पुढे. तू जाशील नीट." रिक्षानं स्टँडपर्यंत आलीस, मला गाडीत बसवलंस, खिडकीतून दशम्यांचा डबा दिलास आणि एकदा हात हलवून वळलीस. गाडी सुटायच्या आधीच वळलीस. त्या दोघांसाठी तू एका माणसाच्या टेबलावर मेथी निवडत बसलीस. माझ्यासाठी, आयुष्यात पहिल्यांदा एकटी घराबाहेर निघालेल्या मुलीसाठी, एक हात हलवलास. सिन्नरपर्यंत मी रडत होते, संगमनेरपासून पुढे चिडलेली होते, आणि तसं बघितलं तर अजून पुण्याला पोचलेच नाहीये. कागद वेळेत जमा झाले. पुण्याहून फोन केला तर तू म्हणालीस, "पोचलीस? बरं. जेवून घे." आणि ठेवून दिलास.

मनमाडच्याला रेल्वेत नोकरी लागली. लडाखचा घरी गेला. राहिलेली टीम सुरतला दुसऱ्या नावानं काही महिने खेळली आणि बंद पडली. बिल्डर तुला पुढेही दर दिवाळीला मिठाईचा बॉक्स घेऊन भेटायला यायचा, आणि तू त्याला आत घ्यायचीस, याचाही मला राग यायचा.

तू गेलीस तेव्हा मी नोकरीला लागून थोडीच वर्षं झाली होती. दहाव्याला दोघेही आले. मी कुणाला कळवलं नव्हतं, त्यांचं त्यांना कसं कळलं देव जाणे. गोदावरीच्या घाटावर ते दोन आडदांड पुरुष लहान मुलांसारखे रडत होते, आणि सगळे नातेवाईक मला सोडून त्यांचं सांत्वन करत होते. मला इतकं संतापायला झालं! पाणी कुणी द्यायचं, गुरुजींना काय हवं, कावळा शिवेना म्हणून काय कबूल करायचं, सगळं मी बघायचं, आणि रडायचं यांनी. मनमाडचा पिंडासमोर हात जोडून म्हणाला, "काकू, तुमच्या पोरीची काळजी घेऊ आम्ही." तेव्हा कुठे कावळा शिवला. शिवणारच. तुझ्या कावळ्यानंही त्यांचंच ऐकलं.

नंतर जेवणं झाल्यावर लडाखचा माझ्याजवळ येऊन बसला. तुझ्याकडून शिकलेलं थोडंफार मराठी आता बरंच विसरला होता. म्हणाला, "दीदी, उस दिन याद है? आप पुना गयी थी."

"मला चांगलं आठवतं," मी म्हटलं.

"सिक्का लग गया, हम घर आये. काकी ने खाना नहीं बनाया. पहली बार. फोन के पास बैठी थी. मैंने चाय दी, नहीं पी. बोली, मी चूक केली का रे? मी जायला पाहिजे होतं का रे? फिर आपका फोन आया. फोन रखा, और इतना रोयी, इतना रोयी, हम दोनों डर गये."

मी भांडी आवरायला उठले. पण आई, आता मला सांग, त्यांना विचारलंस, मग मला फोनवर एकदा विचारायला काय झालं होतं? "चूक केली का ग?" चार शब्द. मी ओरडले असते, तू ओरडली असतीस, दोघींना झोप लागली असती. त्याऐवजी "जेवून घे". तुझी ही सवय मला मुळीच आवडत नाही. माझी लेक सांगते की माझीही हीच आहे, आणि ते तर मला त्याहून आवडत नाही.

या पत्रावर पत्ता घालायचा नाहीये, तर एक गोष्ट सांगून टाकते. सामन्यांच्या संध्याकाळी मी क्लासला असते अशी तुझी समजूत होती. शेवटच्या सामन्याला मी भेळेच्या गाडीमागे उभी होते. मनमाडच्यानं आडवं पडून तो चेंडू अडवला, तेव्हा मागून एक मुलगी इतक्या जोरात ओरडली की तू छत्रीसकट वळून बघितलंस आणि शेजारणीला म्हणालीस, "कुणाची पोरगी आहे ही?"

तुझीच.