आमच्या घरी विदेशी नाही

मु. बोरगाव, ता. सौंसर, जि. पांढुर्णा
(जिल्हा नवा आहे. उत्तर पाठवलेच तर जुन्या सवयीने छिंदवाडा लिहू नये.)

आदरणीय भगवंतराव यांस,

बोरगावहून भैय्याजीचा वाकून नमस्कार. आपण माझ्या बायकोचे थोरले बंधू, तेव्हा वाकायला मला लाज नाही, फक्त कंबर आहे. आपला गुडघा कसा आहे? आपली बहीण देवकाबाई रोज तुमची चौकशी करते, आणि पांढुर्णा इथून काही फार लांब नाही हेही रोज ऐकवते. इकडे संत्र्याच्या मृग बहाराची तोड चालू आहे, फळ मध्यम आहे, माणसे त्याहून मध्यम मिळतात. फोन आपण उचलत नाही, म्हणून हे पत्र सकाळच्या बसच्या कंडक्टरच्या हाती देत आहे. तो चांगला माणूस आहे, वाचून मगच देतो.

विषय आहे आपला भाचा वीरेंद्र याच्या बायकोच्या कागदाचा. आपल्याला ठाऊकच आहे की ती पेरू देशाची आहे. (पेरू हा देश आहे, हे गावाला समजवायला सहा महिने लागले. संत्र्याच्या गावात पेरूची सून आणली म्हणून शेजारचा मनोहर अजून एकटाच हसत असतो.) वीरेंद्र तिकडे रस काढायच्या मशिनी बसवायला गेला होता आणि एक मशीन कमी, एक माणूस जास्त असा हिशेब करून परतला. पासपोर्टावर तिचे नाव मारिसोल किस्पे वामान. लग्नात देवकाबाईने रीतीप्रमाणे ताटातल्या तांदळावर वीरेंद्रकडून तिचे नवे नाव ‘सुचिता’ लिहवून घेतले, आणि त्या दिवसापासून पहिले नाव सगळेच विसरले. मीही विसरलो होतो. आत्ता पासपोर्ट समोर ठेवून लिहीत आहे.

सरकार मात्र विसरत नाही, आणि ते बरोबरच आहे. परदेशी माणसाला इथे राहायची परवानगी लागते, ती ठरावीक मुदतीची असते, आणि मुदत संपण्याआधी वाढवून घ्यावी लागते. सुचिताची मुदत या अठ्ठावीस तारखेला संपते. वाढवून मिळाली नाही तर तिने परत जायचे आणि तिकडून नव्याने अर्ज करायचा. त्याला किती महिने लागतील ते वीरेंद्र सांगत नाही, म्हणजे पुष्कळ लागत असणार. भगवंतराव, मला ते नको आहे. तोंडाने बोलवत नाही म्हणून लिहितो. संध्याकाळी मळ्यातून आलो की ती चहा ठेवते आणि दिवसभर काय झाले ते विचारते. या घरात मला असे दुसरे कोणी विचारत नाही. (देवकाबाई विचारत नाही, सांगते.) ती गेल्यावर कुठल्या खोलीत नसेल याचा आधी विचार केला, तर ती सगळ्याच खोल्यांत नसेल असे लक्षात आले, मग विचार करणे सोडले.

अर्ज कॉम्प्युटरवर भरायचा असतो. तो वीरेंद्रने भरला. फोटोच्या मागे पांढरे हवे म्हणून मी आणि देवकाबाई दोन्ही बाजूंनी माझे धोतर धरून उभे राहिलो. फोटो परत आला, कारण धोतराचा काठ दिसत होता. दुसऱ्यांदा काठ दुमडला, तर देवकाबाईचा अंगठा आला. तिसरा फोटो पास झाला. त्यात सुचिता हसत नाही, कारण हसायचे नाही असा नियम आहे, त्यामुळे तो कोणाचा आहे हे मला तरी ओळखता येत नाही.

मग चौकशीसाठी एक शिपाई आला. पोलिसातला, पण नवा, तिकडे जबलपूरकडचा. हिंदी बोलणारा. त्याच्या हातात अर्जाच्या फोटोकॉपीची फोटोकॉपी होती, तीत फोटोच्या जागी काळ्या चौकोनापलीकडे काही नव्हते. मी शेतात, वीरेंद्र सौंसरला, देवकाबाई मंगळवारच्या बाजारात. वाटेत त्याला पहिला भेटला मनोहर. शिपायाने सरळ विचारले, “भैय्याजी के घर में विदेशी है क्या?”

आता आपणच सांगा, सौंसरच्या रस्त्यावर ज्या दुकानाच्या पाटीवर हा शब्द मोठ्या अक्षरांत आहे, ते दारूचेच दुकान ना? पोलीस दारात उभा राहून विदेशी विचारतो म्हटल्यावर मनोहरला एकच गोष्ट सुचली. शेजारधर्म म्हणून तो म्हणाला, “नाही जी साहेब. पयले लगनाकार्यात येत होती, आता साफ बंद हाये.” एवढ्यावर थांबला असता तर बरे. पण मनोहरला थांबणे कधी जमले नाही. “असलीच,” तो म्हणाला, “तं मळ्यातल्या कोठीत लपवून ठेवली असंल भैय्याजीनं. मी काही पाह्यली नाही.”

शिपायाने हे लिहून घेतले आणि आमच्या अंगणात आला. तिथे सुचिता तोंडाला दुपट्टा बांधून संत्री निवडत बसली होती. रंग आपल्यासारखाच गहूवर्णी, बोलणे सासूकडून शिकलेले. त्याने तिलाच विचारले, घर में विदेशी है? तिलाही हा शब्द पाटीवरूनच माहीत. तिने निरागसपणे उत्तर दिले, “नाही भाऊ, आमच्या घरी विदेशी नाही. सासूबाई घरात पायच ठेवू देत नाही तिले.” वर त्याला पाणी आणि चार संत्री दिली. शिपायाने संत्री खाल्ली आणि सासू भेटेल काय म्हणून विचारले. ती म्हणाली, बाजारात गेली आहे.

अहवाल असा गेला: उक्त पत्त्यावर विदेशी महिला आढळली नाही. पूर्वी लग्नकार्यात येत असे. सासू घरात प्रवेश देत नाही. सासऱ्याने तिला मळ्यातील कोठीत लपवून ठेवल्याचा संशय.

दुसऱ्या दिवशी दोन गोष्टी झाल्या. मला पोलिसांच्या ऑफिसात बोलावणे आले, आणि पोलीस ‘विदेशी’ शोधायला आले होते एवढेच कानावर पडलेल्या देवकाबाईने कोठी तपासली. फवारणीच्या पंपामागे तिला एक बाटली सापडली. ती कमरेला चोळायची आहे हे मी शांतपणे सांगितले. (अर्धी रिकामी का, या प्रश्नाला कंबर मोठी आहे असे उत्तर दिले.) ऑफिसात त्यापेक्षा सोपे गेले. साहेब सभ्य होते, सगळे ऐकून घेतले, एकदा खिडकीबाहेर पाहिले, आणि म्हणाले की अहवाल नव्याने करता येईल, फक्त एका प्रतिष्ठित माणसाने लेखी द्यावे की या घरात विदेशी महिला खरोखर राहते. येत्या गुरुवारी, अकरा वाजता, समक्ष.

मला वाटले, काम झाले. आधी मनोहरकडे गेलो, कारण बिघडवले त्यानेच होते. त्याने कागद वाचला आणि त्याचा चेहरा उतरला. “काहून जी भैय्याजी? घरची पोरगी हाये ते. तिले विदेशी म्हणून मी सही करू? हे पाप माह्याकडून नाही होनार.” खूप समजावले. त्याच्या बायकोने मंगलाने आतून डोळ्याला पदर लावला, म्हणजे आता सुचिताला मी हाकलून राहिलो अशी बातमी संध्याकाळपर्यंत गावभर झाली. मग शाळेच्या गौतम मास्तरांकडे गेलो. ते भूगोल शिकवतात, म्हणून आशा होती. त्यांनी दीड पान लिहून दिले, अक्षर मोत्यासारखे, खाली शिक्का. त्यात सुचिता ही याच गावची लेक असून आम्हा सर्वांना तिचा अभिमान आहे, असे होते. साहेबांनी ते पूर्ण वाचले आणि दोन्ही हातांनी परत केले.

असे आहे. बोरगावात आता तिला परकी म्हणायला माणूस मिळत नाही. कळवण्यासारखे एवढेच. प्रकृतीला जपावे, गुडघ्याला थंडी लागू देऊ नये.

आपला मेहुणा,
भैय्याजी

ता. क. लग्नाला आपण आला नाहीत. तीन वर्षांपूर्वी आपण निरोप पाठवला होता, की ज्या घरात परदेशी बाई राहते त्या घरचे पाणी पिणार नाही. तेव्हा मला वाईट वाटले होते, आणि आपल्या बहिणीला माझ्याहून जास्त. पण साहेबांना हेच वाक्य हवे आहे. आपण निवृत्त हेडमास्तर, आपल्याला प्रतिष्ठा आहे. गुरुवारी अकराला येऊन एवढेच लिहून द्यावे, पाण्याचा भाग गाळून. नाही म्हणू नये. हात जोडतो.

ता. क. २. देवकाबाई सांगते, पाणी नको तर नको, जेवण करून जावे.

ता. क. ३. त्या कागदावर सहीच्या वर एक रकाना आहे: ‘साक्षीदाराचे विदेशी व्यक्तीशी नाते’. तो रिकामा ठेवला तर कागद घेत नाहीत, मी विचारून आलो. तिथे आपल्या हाताने ‘मामेसासरे’ असे लिहावे लागेल. घाई नाही, मी पेन घेऊन बाजूला उभा राहीन.