पाटाची ओल

येवला, पाटावरच्या चौकीतून

सौ. चांगुणास अनेक आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे. तुझा गुडघा कसा आहे? फोनवर सांगवेना, म्हणून लिहितोय. शेजारच्या वैष्णवीकडून वाचून घे.

पाटाचं पाणी आपल्या गावाच्या वर एक जण मोजतो, खाली इथे मी. मधे जेवढं कमी भरतं, तेवढं जमिनीत मुरलं. सगळ्यात जास्त आपल्याच शिवारात मुरतंय. पाटबंधाऱ्याचे साहेब खूश. म्हणाले, "बाबा, चोर सापडला! उन्हाळ्यात तिथे पाटाला काँक्रीट करू."

मी हसलो खरा, पण तेच पाणी आपल्या विहिरीला येतं ना गं!

उन्हाळी कांदा यंदा निम्माच लाव, शेवटच्या पाण्याला विहीर पुरायची नाही.

घराच्या भिंतीला ओल येते म्हणून तू पाटाला शिव्या घालायचीस. आता ती भिंत सुकेल बघ.

जिवाला जप.

गोरक्ष