अर्धा इंच माया

तीर्थरूप अक्कास,

गळ्यातली टेप खुंटीला अडकवून, बोटातलं अंगुस्तान काढून आणि दोन्ही हात मोकळे करून धाकट्याचा नमस्कार. तुझा डावा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला गेला का, की अजून ते खोकूनच हो-नाही सांगतात? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय, पण सुईत दोरा अजून पहिल्या झटक्यात जातो (बरं, दुसऱ्या). कोटाबद्दलचे तुझे तिन्ही निरोप पोचले. तिसरा तू ज्या आवाजात फोनवर ठेवलास, तो ऐकून दुकानातलं गिऱ्हाईक माप न देताच उठून गेलं. कोटाचं शेवटी लिहितो. आधी मी काय पाहिलं ते लिहितो, कारण ते कळल्याशिवाय कोटाचं कळायचं नाही.

तुला आठवत असेल, मागच्या खेपेला तू आली होतीस तेव्हा सूनबाईने मोठ्या हौसेने आपली पेटी उघडून त्यातले दीड-दीड इंचाचे शिपाई तुला दाखवायला काढले होते, आणि तू "अगं बाई, हिची अजून भातुकलीच चाललीये!" म्हणून हसलीस. तू हसलीस म्हणून मीही हसलो. (लहानपणापासूनची सवय. तू हसल्यावर मी हसलो नाही तर चिमटा बसायचा.) एकेक शिपाई कापसात गुंडाळून सूनबाईने पेटी कपाटावर ठेवली, आणि त्यानंतरच्या आठ महिन्यांत माझ्याशी जे बोलली ते एका शर्टाच्या कॉलरवर लिहून होईल. जेवण वाढलंय, दुकानात कुणी आलंय, औषध घेतलंत का. सून-सासऱ्यांत एवढंच बोलणं असतं, असं मी स्वतःला समजावत होतो. पण चाळीस वर्षं कापड कापलेल्या माणसाला कुठे काय आखडलंय ते कळतंच.

त्याच सुमारास दुकानात उंदीर झाले. निदान मला तसं वाटलं. बेतायच्या टेबलाखाली पडलेल्या चिंध्या नाहीशा व्हायला लागल्या. अस्तराचे तुकडे, काजाच्या पट्ट्या, पँटचे खालून कापलेले घोळ. मी सापळा लावला. सापळ्यात तीन दिवस काही सापडलं नाही, चौथ्या दिवशी माझाच अंगठा सापडला. (सूनबाईने न बोलता पट्टी बांधली. तेव्हा तिचे कान लाल झाले होते, त्याचा अर्थ मला पुढे कळला.)

मग चिरंजीवांचा बंदरातून फोन आला. ते जहाजाच्या इंजिनात असतात हे तुला ठाऊकच आहे. दरवर्षी या शिपायांच्या लढाईची मोठी स्पर्धा असते आणि ती जोडीने खेळायची असते. सूनबाईचे जोडीदार आमचे चिरंजीव, आणि यंदा जहाज ऐन वेळी चार दिवस लवकर सुटत होतं. जोडीदार नसेल तर नाव बाद. "ती तुम्हाला कधीच विचारायची नाही, बाबा, तुम्हीच जा," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. मला वाटलं, बाजूला खुर्चीवर बसून टाळ्या वाजवायच्या असतील. मी इस्त्रीचा शर्ट घातला आणि सवयीने टेप गळ्यात अडकवून निघालो.

अक्का, ते सभागृह म्हणजे बॅडमिंटनचा मोठा हॉल, पण आत शिरल्यावर मी दारातच थांबलो. चाळीस टेबलं होती, आणि प्रत्येक टेबल म्हणजे एक मुलूख. डोंगर, पडके बुरूज, बोटभर रुंदीची नदी आणि तिच्यावर काड्यांचा पूल. भोवती मोठमोठी माणसं (एक बस ड्रायव्हर होता, एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या) देवळात बोलावं तसं हळू बोलत होती. आमचं टेबल सहा फूट बाय चार फूट, म्हणजे बरोबर माझ्या बेतायच्या टेबलाएवढं. सूनबाईने पेटी उघडली आणि सैन्य मांडायला लागली. दोनशे बारा शिपाई. मी चष्मा पुसला आणि वाकलो.

प्रत्येकाच्या अंगावर झूल होती, खऱ्या कापडाची, आणि प्रत्येक कापड माझ्या ओळखीचं होतं. पहिल्या रांगेतले चाळीस भालेकरी बँकेच्या मॅनेजरांच्या करड्या सुटात उभे होते. तिरंदाजांनी स्टेशनमास्तरांची पँट वाटून घेतली होती. घोडेस्वारांच्या पाठीवर वकीलसाहेबांच्या जाकिटाचं लालभडक अस्तर होतं. (वकीलसाहेब ते जाकीट घालून कधी एवढे ताठ दिसले नाहीत.) माझे उंदीर मला सापडले. मी एका भालेकऱ्याची झूल नखाने हळूच उलटली. नखाएवढ्या त्या कापडाची कड आत दुमडून शिवली होती, आणि दुमडीच्या आत केसाएवढी माया सोडली होती.

माया म्हणजे काय ते तुला सांगायला नको, पण भाऊजी पत्र वाचतील म्हणून लिहितो. शिलाईच्या आत थोडं जादा कापड दुमडून ठेवतात, माणूस पुढेमागे सुटला तर उसवून सैल करता यावं म्हणून. तीच माया. मी प्रत्येक मापाला अर्धा इंच सोडतो. मी हे तिला कधी शिकवलं नव्हतं. दुकान आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या दारातून तिने ते आठ महिने बघितलं होतं, आणि दीड इंचाच्या शिपायाला सोडली होती. तो शिपाई काही जाड व्हायचा नाही, अक्का. पण तिने सोडली होती. मला त्या गर्दीत एकदम भरून आलं, आणि मी नाक शिंकरायचं निमित्त केलं.

शेवटी तिने ड्रॅगन बाहेर काढला. लग्नाआधीपासून तीन वर्षं ती तो कोरत होती. हातभर शेपूट, एकेक खवला वेगळा रंगवलेला, आणि नुकतेच बसवलेले निळ्या मखमलीचे दोन पंख. (मखमल ओळखीची वाटली, पण कुणाची ते आठवलं नाही. आठवलं होतं. पुढे लिहितो.) पाठीवर इवलंसं खोगीर होतं, रिकामं. स्वार कुठाय, मी विचारलं. बसवण्यासारखं कुणी अजून सापडलं नाही, म्हणाली. आणि मग तिने तो ड्रॅगन उचलून पंचबाईंच्या स्टुलावर ठेवला, आणि मला तिथला नियम कळला. प्रत्येक जोडीने एक मोहरा पणाला लावायचा. हरलात तर तो समोरच्याचा, कायमचा. पंचबाईंनी वहीत नोंद करून तो खेळायला परत दिला. चिरंजीव असते तर एक वेळ ठीक होतं. इथे तिच्या तीन वर्षांचा अर्धा भार माझ्यावर होता आणि मला फासा कसा धरतात हेही माहीत नव्हतं.

समोर दातांचे डॉक्टर आणि त्यांची नर्स. अतिशय सभ्य माणूस. त्यांचं सैन्य हाडांच्या सापळ्यांचं होतं, पांढरंशुभ्र, आणि त्या चारशे सापळ्यांपैकी एकाचाही दात किडलेला नव्हता. हल्ला करण्याआधी डॉक्टर प्रत्येक वेळी हळूच "जरासं दुखेल हं" म्हणायचे. त्यांनी पणाला मुकुट घातलेला सापळ्यांचा राजा लावला होता.

खेळ थोडक्यात असा. पाच फेऱ्या. पाचव्या फेरीअखेर मधला बुरूज ज्याच्या ताब्यात तो जिंकला. पायदळ एका फेरीत सहा इंच चालतं, घोडा बारा, ड्रॅगन अठरा. तुटून पडायचं असेल तर ते आधी जाहीर करायचं आणि मग मोजायचं. अंतर जास्त निघालं तर घोडे मध्येच उघड्यावर फजीत. एकाने बेत ठरवायचा, दुसऱ्याने मोजून मोहरे हलवायचे. मोजणारा म्हणजे मी! अक्का, माझी छाती फुगली. मोजण्यात या पृथ्वीवर मला कोण शिकवणार?

पहिल्या दोन फेऱ्यांत मी अख्खं पायदळ पुढे नेलं. टेप लावायचो, अंगठा सहावर यायचा, आणि आपोआप साडेपाचवर सरकायचा, शिलाई कडेच्या अर्धा इंच आत येते तसा. मला ते कळतसुद्धा नव्हतं. चाळीस वर्षांचा अंगठा आहे. दुसऱ्या फेरीअखेर आमचे भालेकरी दगडी कुंपणाच्या आड पोचायला हवे होते, तर कुंपण एक इंच पुढे राहिलं. सूनबाईचा चेहरा उतरला. "बाबा, सहा म्हणजे सहा," ती एवढंच म्हणाली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. बँकेचे मॅनेजर चाळीस अंगांनी उघड्यावर उभे, आणि त्यांना तिथे उभं करणारा मी.

पण डॉक्टर हिशेबी माणूस. सुरुवातीला दोन्ही फौजांत चोवीस इंच होते, ते जागचे हलले नव्हते, आम्ही दोनदा सहा चाललो म्हणजे उरले बारा. त्यांनी टेबलाकडे पाहिलंही नाही, डोक्यातच वजाबाकी केली, "जरासं दुखेल हं" म्हणाले, आणि सगळे घोडे सोडले. पंचबाईंनी मोजलं. तेरा इंच. घोडे बारा इंच धावून आमच्या नाकासमोर एका इंचावर थांबले, तलवारी उगारलेल्या, आणि काही करता येईना. डॉक्टरांनी पुन्हा मोजायला लावलं. तेराच. सूनबाईने माझ्या अंगठ्याकडे पाहिलं, टेपकडे पाहिलं, आणि तिच्या लक्षात आलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा ती माझ्यासमोर हसली. पुढच्या फेरीत मॅनेजरांनी ते घोडे साफ केले. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं गोळा झाली. हा गळ्यात टेपवाला कोण, कुठल्या देशातून खास आणलाय, अशी कुजबुज मी स्वतःच्या कानांनी ऐकली. मी खुलासा केला नाही.

डॉक्टरही काही कमी नव्हते. चौथ्या फेरीत त्यांनी स्टेशनमास्तर संपवले (पँटच्या त्या तुकड्यांना टेबलावरून उचलताना मला खरोखर वाईट वाटलं) आणि सापळ्यांचा राजा बुरुजावर जाऊन बसला. पाचवी फेरी. आमच्याकडे एकच उपाय, ड्रॅगन. बुरूज होता अठरा इंचांवर, कमी नाही, जास्त नाही. पोचला तर फासे, नाही पोचला तर संपलं, ड्रॅगन डॉक्टरांच्या दवाखान्यात कवळ्यांच्या कपाटात. मी टेबलाच्या कडेशी गुडघ्यांवर बसलो, डोळा त्या शिपायांच्या उंचीला आणला. आणि अक्का, शपथेवर सांगतो, तिथून ते टेबल राहत नाही. डोंगर डोंगराएवढा होतो. धूळ दिसते. समोर बुरूज आभाळात गेलेला, आणि आपल्याकडे पाठ करून उभी असलेली ती एवढीशी माणसं, कुणीतरी कड दुमडून शिवलेल्या झुली घालून, निमूट उभी. तू ज्याला भातुकली म्हणालीस आणि मी ज्याला हसलो, ते हे होतं.

सूनबाई माझ्या शेजारी वाकली. "या वेळी माया नको, बाबा," ती म्हणाली.

मी टेप लावली. अंगठा सतराच्या पुढे गेला, साडेसतरावर अडला. मी त्याला ढकलला. अठरा. ड्रॅगन ठेवला. पंचबाईंनी कागदाची पट्टी घालून पाहिली, ड्रॅगनचं नख आणि बुरुजाचा दगड यांच्यात ती जाईना. मग सूनबाईने दोन्ही फासे माझ्या हातात दिले. मिळून आठ हवे होते. एक फासा पाचावर बसला, दुसरा टेबलाखाली माझ्या चपलेत जाऊन पडला. खाली पडलेला पुन्हा टाकायचा असतो. टाकला. तीन.

मी उडी मारली. या वयात, या पाठीने! आणि गळ्यातल्या टेपचं टोक ड्रॅगनच्या डाव्या पंखात अडकून टर्रकन आवाज झाला. पंख मुळापासून फाटून टेपला लोंबत होता. डॉक्टरांनी डोळे मिटले. जे चारशे सापळ्यांना जमलं नाही ते मी एकट्याने केलं होतं. सूनबाईने पंख सोडवला, उलटून शिवण पाहिली आणि म्हणाली, "आपण दुसरा शिवू." अक्का, ती 'मी' म्हणाली नाही. 'आपण' म्हणाली.

परतताना बसमध्ये मी तिला सांगितलं, त्या दिवशी मी हसायला नको होतं. ती म्हणाली, तुम्ही आत्याबाईंकडे बघून हसलात, ते मला दिसलं होतं. डॉक्टरांनंतरच्या सामन्यात आम्ही दणकून हरलो होतो, पण त्यात मोहरा म्हणून माझ्या कपाटाची किल्ली पणाला लावली होती, ती कुणाला नकोच होती. सापळ्यांचा राजा आता माझ्या मशीनवर उभा असतो आणि टाचण्या सांभाळतो.

भाऊजींना नमस्कार. गुडघ्याला शेक दे.

तुझा चिमट्याला अजून भिणारा,
धाकटा

ता. क. कोटाचं राहिलं. तू निळा मखमली कोट दोन कामांसाठी पाठवला होतास, बाह्या आखूड आणि अंग सैल. बाह्या मी लगेच केल्या. त्यांच्या कापलेल्या पट्ट्या टेबलाखाली पडल्या, आणि पुढे त्यांना पंख फुटले ते तू वाचलंसच. तशी मखमल आता कुठे मिळत नाही. दुसरा पंख शिवायला एकच जागा होती, कोटाच्या आत तीस वर्षांपूर्वी मी, अर्ध्या इंचावर न थांबता, खास तुझ्यासाठी सोडलेली चार बोटं माया. ती मी काढली. तुला न विचारता काढली. म्हणून कोट आता सैल होणार नाही, कधीच. हे एवढंच सांगण्यासाठी वरची सगळी पानं लिहिली, कारण सरळ सांगायची हिंमत झाली नाही.

ता. क. दुसरा. तू चिडून इकडे येशील याची खात्री आहे. ये. नक्की ये. तेच हवंय.

ता. क. तिसरा. खोगिरावर स्वार बसलाय. सूनबाईने आपल्या लग्नाच्या फोटोवरून कोरला. दीड इंचाची तू आहेस, हनुवटी वर, एक हात चिमटा काढायला पुढे केलेला, अंगात निळा मखमली कोट. बेतला, कापला, शिवला सगळा तिनेच. मी फक्त भिंगातून तपासला. त्याच्याही आत माया सोडलेली निघाली. या बाहुलीला कशाला, म्हटलं. तर म्हणाली, असू दे बाबा, आत्याबाई राहायला आल्या की दोन दिवसांत त्यांना लागेल.