पडद्यावरचा अंगठा

बेंगळूरु, सोमवार

प्रिय सुचेता,

अक्षर बघून हसू नकोस. उजव्या हाताला प्लास्टर आहे, सगळं डाव्या हातानं लिहितोय. शूटिंगमध्ये लागलं नाही, कसं लागलं ते पुढे येईल. फोनच केला असता, पण तुझा फोन कायम भार्गवी उचलते आणि मामाचा आवाज ऐकला की पहिलं विचारते, या वेळी कितीदा मेलास? तिच्यासमोर बोलण्यासारखं हे नाही. आपला वासुदेव उद्या गाडी घेऊन निपाणीला येतोय, तो पत्र तुझ्याच हातात देईल. सगळं वाचून होईपर्यंत गल्लीतल्या ऋतुराजला शुक्रवारच्या खेळाचं हो म्हणू नकोस, एवढं आधीच सांगून ठेवतो.

हात गळ्यात अडकवून कुणी फायटरला कामावर बोलवत नाही, त्यामुळे सध्या पिक्चर बघणं हाच उद्योग. परवा तो कुऱ्हाडीचा पाहिला. हीरो लग्नाच्या मांडवात शिरतो आणि वऱ्हाडच्या वऱ्हाड कापून काढतो. मुंडकी अक्षतांच्या ताटात पडतात, रक्त कॅमेऱ्याच्या काचेवर उडतं. कुऱ्हाड रबराची, एका ठिकाणी चक्क वाकलेली दिसते. मला हसू आलं तर पुढचा माणूस मागे वळून असा बघायला लागला की जणू त्याच्याच घरात मयत झालंय. आमचा तो उंच विराट त्या एका मारामारीत तीनदा मरतो. माणसं कमी पडली की मिशी काढून, शर्ट बदलून परत उभं करतात, पब्लिकला पत्ता लागत नाही. आता म्हणे त्याचा दुसरा भाग येतोय, आणि हीरोनं मुलाखतीत सांगितलंय की सगळे स्टंट मी स्वतः केले. मग आम्ही काय सेटवर इडल्या वाढत होतो?

बेळ्ळंदूरच्या मॉलमध्ये एक हिंदीही पाहिला. बाप मुलीच्या खुनाचा सूड घेतो. खुन्याला खुर्चीला बांधून हातोडीनं एकेक बोट फोडतो. शेजारी आयटीतली पुण्याची पोरं बसली होती. बोटं फुटत होती तसे यांचे पॉपकॉर्न चालू होते. एक जण म्हणाला, व्हायोलन्स एकदम रॉ आहे यार, पण सेकंड हाफ ड्रॅग होतो. मला तो पिक्चर साफ खोटा वाटला. त्यात हातोडी पडायच्या आधीच माणूस किंचाळतो. खरं हाड मोडलं की आधी काही कळतच नाही, किंकाळी मागून येते. आता मी अनुभवानं बोलतोय.

तुला रडवणारे पिक्चर आवडतात, मारामारी सुरू झाली की तू भार्गवीचे डोळे झाकतेस हे मला माहीत आहे. पण दत्ताची मारामारी तूही बघायचीस. आमच्या धंद्यात मारणाऱ्याला काही येत नसलं तरी चालतं, मार खाणारा पक्का लागतो. हीरोचा हात वीतभर लांबून जातो, मान झटकून हवेत उडतो तो आमचा माणूस. दत्तासारखा मार खाणारा मी दुसरा बघितला नाही. इतकी वर्षं पडद्यावर चिरला गेला, जाळला गेला, गाडीखाली आला, आणि या माणसानं जन्मात कुणाला चापट मारली नाही. माझा मेव्हणा म्हणून म्हणत नाही.

भार्गवी चार वर्षांची असताना आपण तिला थेटरात नेलं होतं ते आठवतं? बापाच्या पोटात कोयता घुसलेला बघून पोरगी अशी किंचाळली की बाहेर आणावं लागलं. दत्ता घरी आला तर त्याच्या जवळ जाईना. तेव्हा त्यानं तिला सांगितलं, मी मेल्यावर पायाचा अंगठा हलवीन. अंगठा हलला की समजायचं पप्पा बरे आहेत आणि रविवारी घरी येणार. त्या दिवसापासून दत्ता पडला की एका पायातली चप्पल उडायचीच. डायरेक्टर ओरडायचे, हेण अल्लाडबारदु, अरे मढं हलता कामा नये! हा म्हणायचा सरी सर, बरं सर, आणि पुढच्या टेकला परत हलवायचा. तुम्ही मायलेकी निपाणीच्या थेटरात टाळ्या वाजवायच्या, आणि लोकांना वाटायचं, घरचा माणूस मेल्यावर टाळ्या वाजवणाऱ्या या कसल्या बाया? इकडे युनिटलाही सवय लागली होती. दत्ता वरून पडला की फाइट मास्टर लागलं का म्हणून विचारत नसत, पायाकडे बघायचे.

बोम्मसंद्राच्या त्या बंद कारखान्यात तो गेला तेव्हा मी म्हैसूरला दुसऱ्या शूटिंगवर होतो. तुला जे सांगितलं तेच मलाही सांगितलं. काच फोडून उडी मारली, दोर सुटला, खाली रचलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या बाहेर पडला, जागीच गेला, त्याला कळलंसुद्धा नसेल. डायरेक्टर मातीला आला होता. हात जोडून म्हणाला, तो शॉट आम्ही फेकून दिला. त्याला कळलं नसेल, या एका शब्दावर तू वर्ष काढलंस, मला ठाऊक आहे. म्हणून तर शुक्रवारी तो पिक्चर निपाणीला लागला की ऋतुराज आणि गल्लीतली मंडळी थेटरावर दत्ताचा बॅनर लावणार, दुधाचा अभिषेक करणार, पहिल्या रांगेत तुम्हा दोघींना बसवणार, याचं मलाही बरं वाटलं होतं. बाकीच्या दोन-चार शॉटमध्ये तो दिसेल, पोर बापाला बघेल, एवढंच माझ्या मनात होतं.

इथं तो पिक्चर आधी लागला. मी पहिल्याच खेळाला गेलो. बाहेर ढोल, फटाके, हीरोच्या कटाउटवर दुधाच्या पिशव्या रिकाम्या होत होत्या. इंटरव्हलच्या आधी काच फुटली आणि एक माणूस खाली आला. मी शर्टावरून ओळखला. फेकून दिलेला शॉट भल्या मोठ्या पडद्यावर, वर संगीत चढवून. डोकं फरशीवर आपटलं आणि सगळं थेटर उभं राहिलं. शेजारचा तरुण शिट्टी मारून सूपर, सूपर म्हणून नाचायला लागला. मी त्याला मारलं, सुचेता. वीतभर लांबून नाही. सगळ्या अंगानं, तोंडावर, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा माझाच हात मोडला. त्याला जीव जाईस्तोवर मारावंसं वाटत होतं, लोकांनी धरलं म्हणून वाचला. आवाज काहीच झाला नाही. तो उडालाही नाही, फक्त खाली बसला आणि नाकातून रक्त यायला लागलं. बाहेर त्याला कुणी तरी सांगितलं की पडलेला माणूस माझ्या बहिणीचा नवरा होता. रुमाल नाकाला लावून त्यानं विचारलं, निजाना अण्णा, खरंच? आणि तक्रार न करता निघून गेला. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

दुसऱ्या दिवशी प्लास्टर घालून मी परत गेलो, कारण आदल्या दिवशी शॉट पुरा बघितला नव्हता. तो पडल्यावर थांबत नाही. हीरो जिना उतरतो, विडी पेटवतो, लांबलचक डायलॉग म्हणतो. मागे दत्ता पडलेला. एका पायात चप्पल नाही. आणि अंगठा हलतो. एकदा हलतो, थोड्या वेळानं परत हलतो, मग हलत नाही. तो जागीच गेला नव्हता गं. सगळ्यांनी अंगठा बघितला, दत्ता बरा आहे म्हणून डायलॉग पुरा होऊ दिला. पोलिसांकडे जायचंय, त्याला तू लागशील, ते मी येऊन बोलतो, गुरुवारी सकाळी पोचतो. पण हे तुला अंधाऱ्या थेटरात कळू नये म्हणून आधी लिहिलं, आणि शुक्रवारी भार्गवीला नेऊ नये म्हणून लिहिलं. दत्ताच्या तेराव्यालाही तिनं मला एकच विचारलं होतं, मामा, तू पप्पांचा अंगठा बघितलास का? तिचं हीरोकडे लक्ष जाणार नाही, तिला पाय शोधायची सवय आहे. तिला अंगठा हललेला दिसेल, ती टाळ्या वाजवेल, आणि रविवारी दाराशी जाऊन बसेल.

तुझाच,
नागराजअण्णा