पाव नंबर

३ मार्च, सोमवार
नवी वही. लहानपणी जेवायला बसलं की बाबा विचारायचे, आज किती वेळा खोटं बोललीस? आकडा सांगितल्याशिवाय ताट पुढे यायचं नाही. ती शिस्त परत लावणार. रोज शेवटी आजचं खोटं लिहायचं.
आजचं खोटं: शून्य.

५ मार्च
शिकवणीवाल्या बाई आमच्या चष्म्याच्या दुकानात आल्या, मनगटाला प्लास्टर. नव्या चष्म्याने गरगरत होतं, जिन्याची पायरी चुकली. दुकानाच्या मालकांनी, म्हणजे सरांनी, चष्मा मशीनवर लावून पाहिला. डावी काच उजवीकडे, उजवी डावीकडे. सर सगळ्यांदेखत काचा बसवणाऱ्या फिटर काकांना म्हणाले, जगाला चष्मे घालता घालता स्वतः आंधळे झालात का? काका चष्मा नुसता हातात फिरवत राहिले.
डोळे तपासून कार्ड लिहिणं माझं काम. कार्ड पाहिलं. मीच उलटं लिहिलंय. गिऱ्हाईक समोर बसतं, त्याचा उजवा डोळा माझ्या डाव्या हाताला येतो. होतं असं.
आजचं खोटं: शून्य. मला कोणी विचारलंच नाही.

६ मार्च, सकाळी १०
आज सांगणार. सर आले की लगेच.

दुपारी ४
सरांची दाढ ठणकतेय. दुखऱ्या माणसाला त्रास देणं बरं नव्हे. कार्ड हरवू नये म्हणून या वहीत ठेवलं.

७ मार्च
सरांनी कार्ड मागितलं. म्हटलं, ड्रॉवरमध्ये नाही. शब्दशः खरं आहे.

१० मार्च
आणखी एक चूक झाली की काकांना घरी बसवणार, असं सर म्हणाले. काकू गेल्या, मूलबाळ नाही. घरी काय भिंतीशी गप्पा मारू, असं काका म्हणत होते. वाईट वाटलं. आता मी कार्डं नीट लिहिली की काकांची नोकरी सुरक्षित. म्हणजे त्यांना वाचवणारी मीच.

१२ मार्च
काका खुर्चीत येऊन बसले. "पोरी, माझे डोळे तपास. तू खरं ते तोंडावर सांगशील."
तपासले. गेल्या वर्षीचाच नंबर, उजवा एक, डावा अडीच. पण नजर ठीक आहे म्हटलं असतं, तर मग चूक झाली कशी, हा प्रश्न आला असता. विनाकारण त्यांच्या डोक्याला ताप. डाव्याचा पाव वाढवला. पाव नंबर म्हणजे काय, चहात पाव चमचा साखर. थोडं कमी दिसतंय, एवढंच म्हटलं.
काका चक्क हसले. "म्हणजे डोकं शाबूत आहे. नुसते डोळेच गेलेत."
आजचं खोटं: पाव.

१४ मार्च
काकांनी स्वतःच्या काचा स्वतःच बसवल्या. कार्डावर बोट ठेवून दोनदा ताडून पाहिल्या. माझा मोठा नंबर डाव्याला होता ना, असं पुटपुटले. मग स्वतःच म्हणाले, जाऊ दे, आता आठवणीवर भरवसा नाही, कार्ड म्हणेल तसं. मीही म्हटलं, ताण घेऊ नका. संध्याकाळी गरगरतंय म्हणाले. नवा आहे, सवय होईल.

१८ मार्च
काकांनी दोन काचा फोडल्या. तिसरीला भोक पाडताना ड्रिल बोटात घुसलं. सर म्हणाले, उद्या फक्त निरोपाला या.
मन हलकं झालं. म्हणजे चूक त्यांच्या हातून होऊ शकत होतीच. बाईंच्या वेळी झाली नाही, हा योगायोग.

१९ मार्च
निरोपाला सरांनी मलाच बोलायला लावलं. बाबांची, ताटाची गोष्ट सांगितली. सगळे गहिवरले. काका म्हणाले, "तू वेळेवर सांगितलंस, पोरी. नाहीतर माझ्यापायी आणखी कुणाचा हात मोडला असता." आणि दाराची चौकट चाचपत पायरी उतरले. एक पायरी चुकले, पण पडले नाहीत.

२० मार्च
काकांचं कार्ड फाईलला लावायला घेतलं. उजवा पावणेतीन, डावा एक.
उद्या फोन करणार. सकाळी पहिलं काम तेच. त्यांचा फोन नंबर कार्डावरच आहे. हरवू नये म्हणून कार्ड वहीत ठेवलं, बाईंच्या कार्डाशेजारी.
आजचं खोटं: शून्य.